नव्वद नंबरचे दोन डबे

नाल्यातून वर चढताना सुमित्राबाईंनी दुसरा गिअर टाकला आणि जीपने करकरा दात खाल्ले. महिनाभर हे चालू होतं. आधी कधीमधी व्हायचं, मग दिवसाआड, आता रोज. पहिल्या गिअरात गाडी नीट उचलायची, तिसऱ्या-चौथ्याची तक्रार नव्हती. दुसऱ्यात जाताना मात्र दांडा असा हिसका द्यायचा की कळ खांद्यापर्यंत जावी. सुमित्राबाईंनी क्लच सोडला, पुन्हा दाबला, "पडू दे रे महादेवा," म्हणाल्या, तेव्हा कुठे गिअर पडला. मागे वांग्याची चार पोती, भेंडीची दोन क्रेट आणि सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, ओल्या जुड्या. शेजारच्या सीटवर कोणी नाही.

सेलूपासून बारा किलोमीटरवर, डोंगराच्या अंगाला, त्यांचं तीन एकर भाजीचं शेत. गाव नाल्याच्या अलीकडे आणि शेत, शेतातलं घर पलीकडे. नाल्यावर पूल नाही. काळी माती एकदा ओली झाली की ट्रॅक्टरवाल्यालाही हात जोडायला लावते. म्हणून बावीस वर्षांमागे त्यांच्या नवऱ्याने, तानबाजींनी, बैलजोडी विकून एका ठेकेदाराकडून ही जुनी जीप घेतली, चारही चाकांना ताकद देणारी. गाव हसलं होतं. "तानबा बैल इकून हत्ती घेऊन आला, आता चारा पुरवजो म्हणा!" पण नाल्याला पाणी आलं की तेच हसणारे लोक बाळंतीण घेऊन, तापलेलं लेकरू घेऊन तानबाजींच्या दारात उभे राहायचे. जीपच्या मीटरवर आता चार लाख बारा हजार किलोमीटर होते आणि त्यातले बरेचसे असे परक्यांच्या घाईचे होते.

गेल्या वर्षीच्या चैत्रात तानबाजी गेले. भेंडीला पाणी द्यायला मोटार चालू केली आणि बांधावर टेकले, ते उठलेच नाहीत. मोटार मात्र दुपारपर्यंत चालू होती. त्या पाण्यानेच सुमित्राबाईंना बोलावलं, म्हणायचं. वाफे भरून पाणी घराच्या ओट्याला लागलं तेव्हा त्या पाहायला गेल्या.

जीप चालवायला त्यांना तानबाजींनीच शिकवलं होतं, सात वर्षांमागे, स्वतःचा गुडघा धरला तेव्हा. बाजारात बायका म्हणायच्या, "ड्रायव्हरीणबाई आल्या, सरका!" सुमित्राबाईंना ते आवडायचं, पण तेव्हा शेजारी तानबाजी बसलेले असत. नाला आला की एकाने खाली उतरून पुढच्या दोन्ही चाकांच्या मध्यावरच्या चकत्या फिरवाव्या लागायच्या, तेव्हाच पुढची चाकं जोर धरतात. ते काम आधी बायकोचं होतं, मग नवऱ्याचं झालं. खालून आवाज यायचा, "लागलं. घे." आता गुडघाभर चिखलात उतरून चकत्या त्याच फिरवत, पदर खोचून वर चढत आणि चालवतही त्याच. वर्षभर असं चाललं होतं आणि नीट चाललं होतं, हा दुसरा गिअर रुसेपर्यंत.

पंधरा दिवसांमागे तो नाल्याच्या मधोमध रुसला. चढावर गिअर निसटला, गाडी मागे घरंगळली आणि पाण्यात बंद पडली. तिथे फोनला रेंज नाही. सुमित्राबाई चार तास बॉनेटवर बसून होत्या. म्हशी घेऊन खुशाल गुराखी आला तेव्हा त्याने गावात सांगितलं, मग ट्रॅक्टर आला. त्या दिवसाची खबर पुण्याला पोचायला संध्याकाळसुद्धा लागली नाही. धनंजय, त्यांचा एकुलता एक मुलगा, फोनवर आधी रडवेला झाला आणि मग रागावला.

"आई, पाणी वाढलं असतं तर?"

"वाढलं नाई नं पण."

"मी पोळ्याले येऊन राह्यलो. आकांक्षा पण आहे सोबत. गाडी मी स्वतः चालवून पाहीन. धड असेल तर ठीक. नाही तर नागपूरचा एक माणूस आहे, जुन्या फोर-व्हील गाड्या घेतो, त्याला देऊन टाकू. शेत ठेक्याने देऊ अन् तू आमच्याकडे यायचं. कायमचं."

"अन् तुळशीले पाणी कोण घालीन?"

"पुण्यात तुळस नसते का आई?"

पुण्याला सुमित्राबाई दोनदा राहून आल्या होत्या. सातव्या मजल्यावरच्या बाल्कनीत तुळस होती, चांगली होती. तिला पाणी घालून झाल्यावर पुढे दिवसभर काय करायचं, ते मात्र त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. लोक चांगले होते. सगळ्यांची दारं बंद होती.

गाडी राहिली तर शेत राहतं आणि शेत राहिलं तर आपण राहतो, एवढं गणित त्यांना पक्कं कळलं. आता पोळ्याला आठच दिवस उरले होते.

दुसऱ्या दिवशी बाजार आटोपून त्यांनी जीप सेलूच्या बाहेर कैलासच्या गॅरेजात नेली. कैलास चाळिशीचा, तोंडात सदा बडीशेप, बोलण्याला तिखटाची फोडणी. त्याने गाडीखाली सरकून गिअरपेटीचा खालचा बोल्ट सैल केला, चार थेंब तळहातावर घेतले आणि उन्हात येऊन हात सुमित्राबाईंपुढे धरला.

"पाहा काकू. दिवाळी."

काळपट तेलात पिवळी चमक होती. हळदीच्या पाण्यात सोन्याचा वर्ख चुरावा तशी, बारीक, सुंदर.

"हे काय होय रे?"

"पितळ. तुमच्या गिअरच्या रिंगा. झिजून तेलात उतरून राह्यल्या." त्याने हात चिंधीला पुसला. "मागच्या वर्षी ऑइल कोणी बदललं? तानबाकाका तर…"

"म्याच."

"काय ओतलं?"

"भारीतलं. सगळ्यात भारीतलं मांगितलं दुकानात."

"सगळ्या पेट्यांत एकच?"

"मंग?" सुमित्राबाईंना प्रश्नच कळला नाही. "एकाले चांगलं अन् एकाले हलकं द्याचं का?"

कैलास हसायला लागला, पण त्यांचा चेहरा पाहून थांबला.

त्यामागे एक गोष्ट होती. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांची खांदशेकणी असते. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्यांना पळसाच्या पानाने हळद-तूप चोळायचं आणि हात जोडून म्हणायचं, 'आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.' बैल विकले तरी तानबाजींनी तो दिवस सोडला नव्हता. त्या दिवशी ते जीपचं ऑइल बदलायचे: इंजिनाचं, गिअरपेटीचं, तिच्या मागे चिकटलेल्या छोट्या गिअरचं (चारही चाकांना ताकद वाटून देतो तो) आणि पुढच्या-मागच्या आसांवरच्या गोल पेट्यांचं, म्हणजे क्राऊनचं. किलोमीटर भरो न भरो, खांदशेकणी चुकायची नाही. आणि सासूबाईंची शिकवण होती, की त्या दिवशी बैलांत दुजाभाव करायचा नाही. म्हाताऱ्याला जेवढं तूप तेवढंच तरण्याला. तानबाजी गेल्यावर पहिल्याच पोळ्याला सुमित्राबाई वर्ध्याच्या दुकानात उभ्या राहिल्या, इंजिनाचं ऑइल घेतलं आणि बाकीच्यांसाठी म्हणाल्या, "पोळ्याचं हाय भाऊ, चांगलं द्या. सगळ्यांले सारखं." दुकानदाराने मागितलं ते दिलं. त्याची काही चूक नव्हती.

"काकू, बैल येगळा अन् गिअर येगळा," कैलास आता हळू बोलला. "तुम्ही जे टाकलं ते क्राऊनसाठी अमृत आहे. तिथं लोखंडावर लोखंड घासते, तेज औषध पाहिजे. गिअरपेटीत पितळेच्या रिंगा राह्यतेत. तेच तेज औषध पितळेले खाते. अन् लई गुळगुळीत, म्हणून रिंगेले पकड भेटत नाई, गिअर दात खाते."

"म्हणजे म्याच खाल्ला तिचा गिअर."

"तसं नाई म्हणत मी…"

"तसंच हाय."

कैलासने बडीशेपेची चिमूट तोंडात टाकली. "एक आयडिया सांगू? एकशेचाळीस नंबरचं जाड ऑइल टाकून देतो. आवाज दबते. धनंजयभाऊ येतीन, चालवतीन, खुश होऊन जातीन. दोन महिन्यांनी जे व्हाचं ते होईन."

सुमित्राबाईंच्या मनात मोह आला नाही असं नाही. आला, आणि चांगला पाच मिनिटं बसून राहिला. धनंजय दोनच दिवस राहणार. दोन दिवस गाडी गप्प बसली की झालं. पण थंडीच्या सकाळी जाड तेल दगडासारखं होतं, मग पहिला गिअरही पडत नाही. शिवाय तानबाजी अशा उपायाला एक शब्द वापरायचे, दुखत्या दातावरचा कापूस. पोराला फसवता येईल, नाल्याला कसं फसवणार?

"जे टाकाचं ते बरोबरच टाकीन," त्या म्हणाल्या. "कोणतं असते ते सांग."

"डब्यावर नव्वद नंबर दोन्हीकडे लिहिलेलं राह्यते, तिथंच लोक फसते. खाली बारीक अक्षरात पाहजा. जीएल-चार लिहिलं असन ते गिअरपेटीले अन् छोट्या गिअरले. जीएल-पाच ते क्राऊनले. पण चारवालं आता लवकर भेटत नाई. दुकानदार पाच हातात देते अन् म्हणते, चालते दोन्हीकडे. तानबाकाका कुठून आणत होते?"

एकवीस खांदशेकण्यांना सुमित्राबाई गाडीशेजारी उकिडव्या बसल्या होत्या. "अवं, बॅटरी नीट धर," खालून आवाज यायचा आणि त्या उजेडाचा गोल बोल्टवर धरायच्या. डबा तिथेच, हाताच्या अंतरावर असायचा. त्यांनी कधी वाचला नव्हता. वाचायचं काय कारण? ज्याला ठाऊक ते माणूस होतं की.

"मले माईत नाई," त्या म्हणाल्या. एवढं बोलताना त्यांना स्वतःची लाज वाटली.

वर्ध्याला त्या एसटीने गेल्या. पहिल्या दोन दुकानांत चार नंबर नव्हतं. तिसरं दुकान रजतचं, स्टेशनकडच्या रस्त्यावर, कपाटांत रंगीत डबे पेढ्यांसारखे मांडलेले. रजतने त्यांना पाहिलं आणि नजर त्यांच्या मागे कोणी पुरुष येतो का ते शोधत राहिली.

"कोणासाठी पाहिजे मावशी?"

"जीपसाठी."

"नाही, म्हणजे… कोण आलं आहे सोबत?"

"पिशवी आली हाय," सुमित्राबाई म्हणाल्या.

कोपऱ्यात टायर निवडणारा एक जण फिस्सकन हसला. रजतही हसला आणि मग नीट बोलायला लागला. आधी इंजिनाच्या ऑइलचं झालं. त्याने एक चकचकीत डबा काढला. "हे नवीन आलं आहे, पाच-तीस. एकदम पातळ. गाडी हलकी पळते, अ‍ॅव्हरेज वाढते."

"किती चाललेली हाय ते तरी इचारा."

"किती?"

"चार लाख बारा हजार."

रजतने शीळ घातली. सुमित्राबाईंनी डबा परत सरकवला. "पातळ वरण म्हाताऱ्या माणसाले पचते, म्हाताऱ्या इंजिनाले नाई. फटीफटीतून गळते. पंधरा-चाळीस द्या, डिझेलचं."

"मग वीस-पन्नास घ्या ना. त्याहून जाड. जुन्या गाडीला सगळे तेच नेतात."

"धूर मारत असती तर नेलं असतं. नाई मारत. सकाळी एका चावीत चालू होते. दाब बरोबर हाय तिचा." हे त्या इतक्या शांतपणे म्हणाल्या की रजतने पंधरा-चाळीसचा मोठा कॅन मुकाट्याने काउंटरवर ठेवला. इंजिनाचं त्यांना ठाऊक होतं. इंजिनाचा कॅन दरवेळी त्याच धरायच्या, ओततानाची धार बोटांवर घ्यायच्या, पाकाची तार पाहावी तशी अंगठा-तर्जनीत ताणून पाहायच्या. अडत होतं ते गिअरपेटीशी.

"नव्वद नंबर, जीएल-चार," त्या म्हणाल्या.

"पाच घेऊन जा. वरचा नंबर आहे, म्हणजे चांगलंच ना. दोन्हीकडे चालते."

कैलासने सांगितलं होतं तसंच, शब्दाला शब्द. सुमित्राबाईंना क्षणभर वाटलं, हा रोज शंभर गिऱ्हाइकं पाहतो. कैलास म्हणतो ते खरं कशावरून? दोघंही पुरुष, दोघंही ठाम. आपल्याजवळ काय आहे? ना कागद, ना पुस्तक.

"झाकण उघडा जरा," त्या म्हणाल्या.

"सील तुटते मावशी."

"तुटू द्या. पाचवालं मले तसंही पाहिजे, क्राऊनसाठी."

रजतने झाकण फिरवलं. सुमित्राबाईंनी डबा नाकाशी नेला आणि पदर आपोआप नाकावर गेला. कुजलेल्या अंड्याचा, माचिसच्या काडीचा, नकोसा उग्र वास. त्यांचा हात तिथेच थांबला. हा वास त्यांना ओळखीचा होता. दरवर्षी मागचं क्राऊन उघडलं की त्या असाच पदर लावायच्या आणि खालून तानबाजी म्हणायचे, "नवरीवानी काऊन लाजून राह्यली?" तानबाजी असताना गिअरपेटी उघडल्यावर मात्र कधी पदर लावावा लागला नव्हता. कधीच नाही. तेव्हा त्या बॅटरी धरून बोलत बसायच्या, सुनेबद्दल, पावसाबद्दल, मिरचीवर पडलेल्या चुरड्याबद्दल. नाक झाकून कोणी एवढं बोलतं का? मागच्या वर्षी सगळ्याच पेट्यांना हा वास होता, पण तेव्हा त्यांचं डोकं ठिकाणावर नव्हतं.

"गिअरपेटीत हे नाई चालत," सुमित्राबाई म्हणाल्या. आता त्यांच्याजवळ साक्षीदार होता. "दुसरं आणा."

"नाही आहे मावशी."

"मांगं पाहा. जुनं असन."

टायरवाला म्हणाला, "पाह्य ना रजत, मावशी एवढं म्हणतेत तर." रजत आत गेला. बराच वेळ खोकी सरकण्याचा आवाज आला. तो आला तेव्हा कोपरापर्यंत धूळ होती आणि हातात पाच लिटरचा एक डबा, लेबल कोपऱ्यात फाटलेलं. नव्वद तेच. खाली बारीक अक्षरांत चार. सील शाबूत होतं. सुमित्राबाईंनी तेही तोडायला लावलं. वास आला, तेलाला येतो तेवढाच.

"हेच," त्या म्हणाल्या.

एसटीत दोन्ही डबे आणि इंजिनाचा कॅन पायांशी ठेवून त्या खिडकीशी बसल्या. हे घरी गेल्यावर कोणाला तरी सांगितलं पाहिजे असं त्यांना वाटत राहिलं. वासाचं, टायरवाल्याचं, रजतच्या कोपरावरच्या धुळीचं. सेलू येईपर्यंत त्यांनी मनातल्या मनात ते सगळं दोनदा नीट सांगून पाहिलं.

खांदशेकणीच्या दिवशी कैलास येणार होता. दुपारी त्याचा फोन आला. त्याच्या घरी सहा बैल, भाऊ बाहेरगावी. "काकू, परवा येतो नं."

"परवा कायले? उद्या धनंजय येऊन राह्यला."

"मंग तुम्हीच करा. तुमच्यापेक्षा जास्त खांदशेकण्या कोणी पाह्यल्या?"

सुमित्राबाईंनी आधी गाडी गावापर्यंत फिरवून आणली, तेल गरम झालं की मळ घेऊन निघतं म्हणून. मग गोणपाट अंथरलं, आंघोळीनंतर नेसलेलं धड लुगडं बदलून जुनं नेसल्या, देवाला नमस्कार केला आणि गाडीखाली शिरल्या. भर दुपारीही खाली अंधार. बॅटरी धरायला कोणी नव्हतं, म्हणून ती दातांत धरली. पाना खालच्या बोल्टला लावला आणि तेवढ्यात थबकल्या. तानबाजींचा नियम होता, आधी भरायचा वरचा बोल्ट उघडायचा, मगच खालचा. वरचा जाम निघाला तर निदान जुनं तेल तरी पेटीत असतं. खालचा आधी उघडला आणि वरचा उघडलाच नाही, तर रिकामी पेटी घेऊन बसा रडत.

वरचा बोल्ट जाम होता. दोन्ही हातांनी, मग पाय जीपच्या चौकटीला टेकवून, मग पान्यात पाइप घालून. कपाळावरचं कुंकू केव्हाच गेलं होतं, ते लावायची आता सवयही नव्हती, पण घाम तिथूनच डोळ्यांत उतरत होता. चौथ्या हिसक्याला बोल्ट कुरकुरला. "आला, आला," त्या बॅटरी धरलेल्या तोंडाने बोलल्या आणि बॅटरी गळ्यावर पडली.

जुनं तेल घमेल्यात उतरलं, सोनेरी चमक घेऊन. मग नवं, नरसाळ्याला लावलेल्या नळीतून, सावकाश. भोकातून थेंब बाहेर येईपर्यंत भरायचं. मग करंगळी आत घालून पाहायची, तेल बोटाला लागलं की पुरे. छोट्या गिअरचंही तसंच. क्राऊनच्या वेळी मात्र पाचचा डबा आणि नाकावर पदर. शेवटी इंजिन. सगळं व्हायला साडेतीन तास लागले. गाडीखालून बाहेर आल्या तेव्हा उभं राहायला दाराचा आधार घ्यावा लागला.

हात धुऊन त्यांनी पळसाचं पान आणलं, हळद-तूप कालवलं आणि बॉनेटच्या दोन्ही कडांना चोळलं. आवतनाचे शब्द म्हणाल्या. गावातून ढोलाचा आवाज येत होता, पण नाल्यापलीकडून, दुरून.

पोळ्याच्या सकाळी धनंजय आणि आकांक्षा आले. वर्ध्यापर्यंत रेल्वे, पुढे ऑटो. सुमित्राबाई गावाच्या वेशीवर जीप घेऊन उभ्या होत्या. धनंजय पाया पडला आणि पाठ सरळ व्हायच्या आत म्हणाला, "दे चावी."

वेशीपासून नाल्यापर्यंत त्याने दुसरा गिअर तीनदा टाकला आणि तीनदा करकर झाली. तो पुण्यात ज्या गाडीत बसे तिला गिअरचा दांडा नव्हता. "आई, गेला हा. ऐक आवाज."

"उतर. मले चालवू दे."

"आई…"

"उतर म्हणलं नं."

तो शेजारी बसला. बऱ्याच दिवसांनी त्या सीटवर कोणी बसलं. सुमित्राबाईंनी पहिल्यात गाडी उचलली. मग क्लच दाबून दांडा मधल्या मोकळ्या जागेत आणला, क्लच सोडला, अर्धा श्वास थांबल्या, पुन्हा दाबला आणि दोन बोटांनी दांडा खाली ओढला. दुसरा गिअर लोण्यात सुरी जावी तसा गेला. खाल्लेलं पितळ काही परत आलं नव्हतं. रिंगेला आता घाई सहन होणार नव्हती. पण थांबून घेणाऱ्याला ती नाही म्हणत नव्हती.

नाल्याच्या काठावर त्या उतरल्या, चकत्या फिरवल्या. धनंजय उतरायला निघाला तोवर त्या परत चढल्या होत्या. पाणी घोट्याच्या वर. पहिला, मग चढावर दुसरा, भरल्या वेगात, एकही आवाज न करता. जीप पलीकडे आली आणि भेंडीच्या वाफ्याशी थांबली.

सुमित्राबाईंच्या मनात उत्तरं तयार होती. आठ दिवस, भेंडी तोडताना, भाकर थापताना, त्यांनी ती एकेक करून घासली होती. तो म्हणेल आज चालली उद्याचं काय, तर हे म्हणायचं. तो म्हणेल तुझं वय, तर ते. तो म्हणेल आम्हाला करमत नाही तुझ्याशिवाय, तर मात्र त्यांच्याजवळ काही उत्तर नव्हतं. तिथे आपण हरू, असं त्यांना वाटत होतं. आणि खरं सांगायचं तर त्या वाक्याची त्यांनी थोडी वाटही पाहिली होती.

धनंजय वाफ्यांकडे पाहत म्हणाला, "ठीक आहे आई. गाडी धड आहे. मग राह्य तू इथंच."

एवढंच.

मागच्या सीटवर आकांक्षाने सुस्कारा सोडला. मुलगी वाईट नव्हती. "बरं झालं आई, तुमचंही मन इथंच रमतं," ती म्हणाली आणि मग धनंजयला, "मग आईंसाठी ठेवलेल्या त्या खोलीत माझं कामाचं टेबल टाकता येईल ना?"

"हो, टाकू."

"टाक नं बाई," सुमित्राबाई म्हणाल्या. "उजेड चांगला हाय त्या खोलीत."

दोन दिवस घर भरलेलं राहिलं. पुरणपोळ्या झाल्या, कढी-वडे झाले, सुमित्राबाई गावातल्या बैलांना ओवाळून आल्या. धनंजयने ओट्याच्या निघालेल्या दोन फरश्या बसवून दिल्या. नागपूरच्या माणसाला फोन करून त्याने नको म्हणून कळवलं, तेव्हा सुमित्राबाई चुलीशी होत्या आणि त्यांनी ऐकलं. आनंद व्हायला हवा तेवढा झाला. बाकीचा भाग रिकामाच राहिला.

तिसऱ्या दिवशी त्यांनी दोघांना सेलूच्या स्टँडवर सोडलं. आकांक्षा पाया पडली, "काळजी घ्या आई." धनंजयने जीपच्या बॉनेटवर थाप मारली, बापासारखीच, उघड्या पंजाने. बस निघाली. त्याने खिडकीतून हात हलवला आणि मग मान फोनकडे वळवली.

घरी येऊन सुमित्राबाईंनी इंजिन बंद केलं. नवं ऑइल टाकलं की तीन दिवसांनी गाडीखाली पुठ्ठा ठेवून पाहायचं असतं, कुठला बोल्ट सैल राहिला, कुठून गळतं का. त्यांनी पुठ्ठा सरकवला. कपडे धुतले, वांग्यांवर फवारा मारला, दिवाबत्तीची तयारी केली. मग वाकून पुठ्ठा बाहेर ओढला आणि उजेडाला धरून पाहिला. गिअरपेटीखाली कोरडा. छोट्या गिअरखाली कोरडा. पुढे, मागे, इंजिनाखाली कुठेच काही नाही. चांगलं काम झालं होतं.

एखादा थेंब जरी असता तर कैलासला फोन करता आला असता.